लवंगी

श्रेणिक पुण्याला शिकायला गेला
आणि पिंजरा माझ्या मशीनशेजारी ठेवून गेला.
'आत्या, पहिल्या सेमिस्टरपुरतं.'
दुसरं निम्मं सरलं.

नाव त्यानंच ठेवलेलं. सन कनूर म्हणतात,
लांबच्या देशाची जात, पावती डब्यात आहे.
अजून पुरती पिवळी झालेली नाही:
पाठ हिरवी, पोटाला मार्केट यार्डातली हळद,
पाडाला आलेल्या कैरीसारखी
ना इकडची ना तिकडची.

आली तेव्हा गुणाची होती.
पदरात शिरून झोपायची.
टेपवरून चालत जायची
पहिल्या इंचापासून साठाव्यापर्यंत.
मग एका मंगळवारी, बाही जोडता जोडता
मी रोजच्यासारखं बोट पुढं केलं
आणि तिनं ते नखाच्या कडेला फोडलं.
चौगुल्यांच्या सुनेच्या पिस्ता ब्लाउजवर
तीन थेंब.
मी ओरडले. ती माझ्याहून मोठ्यानं ओरडली,
आणि खरं सांगते, तिला मजा आली.

मिरजेचे मगदूम डॉक्टर एरवी म्हशी बघतात.
म्हणाले, 'अकरा महिन्यांची आहे, वयात येतेय.
ओरडू नका. बोट झटकू नका.
शांतपणे खाली ठेवा, पाठ फिरवा.
दिवस मावळला की झोप.
सूर्यफूल फक्त बक्षिसाला.
कांदा-लसूण अजिबात नको, विष आहे तिला.'
म्हटलं, डॉक्टर, तो आमच्या उंबऱ्याच्या आत
कधी आलाच नाही.
आणि दिवस असेतो जेवायचं म्हणाल
तर मला ताटाला सोबतच झाली.

पण पाठ फिरवणं
मला लवकर जमलं नाही.
बोटाला हळद, हळदीवर अंगुस्तान,
आणि पायाखालचं मशीन उगाच जोरात.

आता थोडं वाचता येतं.
डोळ्यातली बाहुली बारीक-मोठी, बारीक-मोठी झाली,
मानेवरची पिसं उभी राहिली,
की गिऱ्हाईक दारात आणि कापड बेतलेलंसुद्धा नाही
तेव्हाचा माझा चेहरा आठवायचा.
हात मागं.
सकाळी बरी असते. तीन ते पाच, नाही.
मी फोनवर बोलत असेन तर मुळीच नाही.
हुक पळवते. काजं उसवते.
मापांच्या वहीतलं 'प'चं पान खाल्लं,
तर अर्ध्या सांगलीतल्या पाटलिणींना
पुन्हा हात वर करून उभं राहावं लागलं.

परवा चौगुल्यांची सून आली. चौथ्यांदा.
'झाला का हो?'
मी तोंड उघडायच्या आत पिंजऱ्यातून
घोगरं, अर्धं गिळलेलं:
'उद्या या.'
शब्द माझे. मान तिरकी करायची लकबही माझी.
सून हसत सुटली.
मी कात्री शोधत राहिले, ती हातातच होती.

संध्याकाळी दार लावलं.
बाजरीचं कणीस एका हातात,
दुसऱ्याचं बोट पुढं, तेच, फोडलेलं.
'ये,' म्हटलं.
लवंगीनं बघितलं. बाहुली थांबलेली.
एक पाय उचलला,
हवेत धरला,
परत दांडीवर ठेवला.
काहीतरी पुटपुटली असेल,
पण बाहेरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता
गाणी लावून, दोन ट्रॉल्या मागं,
काही ऐकू आलं नाही.
'बरं,' मीच म्हटलं, 'उद्या.'

अस्तराचा उरलेला तुकडा पिंजऱ्यावर टाकला,
दिवा मशीनकडं वळवला
आणि पिस्ता ब्लाउज काढला.
डाग काही निघत नाहीत.
तीन मणी लावावेत त्यावर, लाल, बारीक.
सुनेला नक्षी वाटेल.